तो, ती आणि आमचं ते

भात झोडायच्या दिवसांत आमी पास्ट टेन्स शिकलो. बसून बिसून नाय. खळ्यावर मी पेंडी उचलायचे, फळीवर आपटायचे आणि ओरडायचे, "बीट!" समोरून आमचं पोर पेंढा ओढता ओढता बोलायचं, "बीट!"

"पास्ट?"

"बीट!"

मी हात थांबवला. "अगो, पास्ट विचारला मी."

"पास्ट पन बीटच हाय, मम्मी."

"असं कसं? काल झोडलं ते आणि आज झोडतंय ते एकच कसं?"

"मला काय माहीत? पुस्तकात तसंच हाय. बीट, बीट, बीटन."

मला राग आला, पोराचा नाय, इंग्रजीचा. बाकी सगळीकडं रूप बदलतं आणि नेमकं मी जे काम करत होते तिथंच बदलायचं नाय. सासू सुपानं वारं देत बसली होती, ती बोल्ली, "भात झोडतंस का इंग्रजी झोडतंस गो? दाने पेंढ्यात चाल्ले बघ." मी परत पेंडी उचलली. दम लागत होता, झोडून कमी आणि घाबरून जास्त. परीक्षा थंडीत होती आणि आमी अजून क्रियापदातच अडकलेले.

परीक्षेचं सांगते. आमचं गाव सापगावच्या पुढं, मुरबाडच्या रस्त्याला आत. गावातली शाळा पाचवीला संपते. एक दिवस शाळेतले सर बांधावर येऊन उभे राहिले. मला वाटलं पोरानं काय केलं. सर बोल्ले, "तुमच्या मुलीला त्या राहायच्या शाळेच्या परीक्षेला बसवा. सहावीपासून बारावीपर्यंत तिथंच राहणं, जेवण, सगळं. गणित तिचं चांगलं आहे, मराठीचा प्रश्नच नाही. फक्त इंग्रजीचं कुणीतरी बघायला हवं. ग्रामर, शब्द आणि उतारा." कुणीतरी म्हंजे कोण, ते सर बोल्ले नाय. त्यांच्या एकट्याकडं चार वर्ग होते. मी आजूबाजूला बघितलं. सासू होती, बैल होते आणि मी होते.

मी नववीतून घरी बसलेली. नववीत पण इंग्रजीच राहिलेलं. इंग्रजीचा तास आला की बाई माझ्याकडं बघतील म्हणून मी खाली वाकून पेन शोधायचे. आणि आता माझ्याच पोराला मी शिकवायचं. पण दुसरी भीती त्याच्याहून मोठी होती. गावातून सहावीला जायचं म्हंजे रस्त्यापर्यंत चालत, मग एसटी आली तर आली. एखाद वर्ष पोरी जातात. मग पाऊस, मग घरात कुणी आजारी, मग लावणी, मग "आता कशाला?" मी ह्या वाटेनं गेलेली, मला तिचं वळण न् वळण ठाऊक. म्हणून मी सरांना बोल्ले, "बसवा." बोलले आणि रात्रभर कूस बदलत राहिले.

घरात इंग्रजी येणारा माणूस म्हंजे माझा नवरा, असं आमी समजत होतो. तो पडघ्याकडं गोडाऊनला कामाला, शिफ्टवर. रविवारी मी त्याला पोरासमोर बसवला. तो मोठ्या तोऱ्यात मांडी घालून बसला. पोरानं विचारलं, "पप्पा, शॉर्टचा अर्थ?"

"शॉर्ट म्हंजे माल कमी आला."

"आणि रिटर्न?"

"गिऱ्हाईकानं परत धाडला."

"रिटर्नचा विरुद्ध?"

"डिस्पॅच."

पोरानं तसंच लिवलं. सरांनी तपासलं आणि हसले, बोल्ले गोडाऊनमध्ये पास, परीक्षेत नापास. नवरा जरा खट्टू झाला. मग बोल्ला, "शहापूरला क्लास असंल कुठं तर बघ. मी ओव्हरटाइम करीन."

तसा क्लास मिळाला. बाजारातल्या एका दुकानावर, जिना चढून, एकच खोली. शिकवणाऱ्या मॅडम माझ्यापेक्षा लहानच असतील, पण बोलायच्या कशा, एकदम ठाम. दर रविवारी रिक्षानं पोराला न्यायचे. बाकीच्या आया खाली बाजार करायला जायच्या. मी जिन्यात बसायचे, वरून तिसऱ्या पायरीवर. तिथं सगळं ऐकू यायचं. पहिल्यांदा मॅडमना वाटलं मी राखण करतेय. "ताई, इथे कोणी पळून जात नाही," त्या हसून बोल्ल्या. मी बोल्ले, "मला ऐकायचंय." त्या दिवसापासून त्यांनी दार अर्धं उघडं ठेवलं.

जिन्यात बसून मला जे पहिलं नीट कळलं ते ही, शी, इट. बाप रे, कसलं सोपं! ही म्हंजे तो. शी म्हंजे ती. इट म्हंजे ते. आपल्याकडं पण तीनच, त्यांच्याकडं पण तीनच. इतकी वर्षं मी उगाच घाबरले. घरी येताना रिक्षातच मी पोराला पाठ करून घेतलं आणि घरी आल्यावर सगळं घर इंग्रजीत केलं. चूल कोण? शी. तवा कोण? ही. मीठ? इट. भाकरी? शी. कोयता? ही. सूप? इट. सासू बोल्ली, "माझी तपकिरीची डबी कोन हाय ते पन सांग." पोर बोललं, "शी, आजी." "शी कशाला गो? नवीच आनलीय." सगळे हसलो. मला किती तरी दिवसांनी बरं वाटलं.

पुढच्या रविवारी वही लाल होऊन आली. 'बस लेट आहे, शी येईल,' असं पोरानं लिवलेलं, मॅडमनी शी खोडून इट केलं. तवा पण इट, भाकरी पण इट. जीव नसलेलं सगळं इट. बरं, कळलं. आमी दुरुस्त केलं. वस्तू सगळ्या इट, आणि माणसं? माणसं तशीच राहिली. तो ही, ती शी, ते इट. त्यात काय चूक असंल असं मला वाटलंच नाय, पोरालाही नाय.

उताऱ्याचं वेगळंच. उतारा वाचून प्रश्नाला चारांतल्या एका उत्तरावर खूण करायची. एका उताऱ्यात शेतकऱ्याच्या शेताला आग लागते. खाली प्रश्न, शेतकऱ्याला कसं वाटलं? पोरानं 'हॅपी' वर खूण केली. मॅडम बोल्ल्या, "अगं, शेत जळतंय त्याचं!" पोर बोललं, "मॅडम, राब जाळला ना त्यानं." आमच्याकडं भाताचं रोप करायच्या जागेवर पालापाचोळा, शेण पसरून जाळतात, त्याला राब बोलतात. राब चांगला जळला की रोप चांगलं, मग माणूस खूशच असणार. मॅडमनी पोराला जवळ बसवून सांगितलं, उत्तर आपल्या शेतात शोधायचं नाही, उताऱ्यात शोधायचं. उताऱ्यात तो रडतो, तर तो रडतोच. मी जिन्यात ते मनात तीन-चार वेळा बोलून घेतलं. उताऱ्यात शोधायचं. शेतात नाय.

मग तो रविवार आला. मॅडमनी आदल्या आठवड्यात लिवायला दिलेलं, 'तुमची आई शेजारणीला तुमच्याबद्दल काय सांगते, ते इंग्रजीत लिहा.' पोरानं ओटीवर बसून एकट्यानं लिवलं, मला दाखवलं पण नाय, बोललं सरप्राइज हाय. मी जिन्यात बसलेली. वर एकेक पोर उभं राहून वाचत होतं. आमच्याची पाळी आली. आवाज एकदम मोठा, कारण मीच बोललेले, मोठ्यानं वाच.

"माय मदर सेज, अवर चाइल्ड इज टेन. इट टॉक्स टू मच. इट डझ नॉट ईट. इट इज क्लेव्हर, बट इट फर्गेट्स द गोट."

मी जिन्यात फुललेली. अर्थ लागत होता मला, सगळा! मी शेजारणीला हेच तर सांगते. आमचं ते दहा वर्षांचं झालं. जाम बोलतं. खात नाय. हुशार हाय, पण बकरी आणायला विसरतं. अक्षर न् अक्षर माझं होतं.

वर हसू फुटलं. आधी एकाचं, मग सगळ्यांचं. कुणीतरी बोललं, "मॅडम, ही खुर्ची हाय काय?" दुसरी बोल्ली, "हिनं बकरीला नाय, बकरीनं हिला विसरायला पायजे!" मॅडम ओरडल्या, सगळे गप्प झाले, मॅडमनी एस, एच, ई असं मोठ्यानं बोलत फळ्यावर लिवलं, खडूचा आवाज मला खाली आला. त्या चांगल्या शब्दांत समजावत होत्या, मराठीत ते, इंग्रजीत शी, सगळ्यांनी लिहून घ्या. पण मी ऐकत नव्हते. मी कठडा धरून बसले होते.

क्लास सुटला. पोरी जिना उतरताना तिला ढकलून गेल्या, "ए इट, बाजूला हो." ती सगळ्यांत शेवटी उतरली. माझ्याकडं बघितलं नाय. रिक्षात माझ्याजवळ बसायची ती पुढं ड्रायव्हरच्या बाजूला जाऊन बसली. सापगावचा पूल गेल्यावर मान न वळवता बोल्ली, "मम्मी, मी वस्तू हाय काय?"

"नाय गो."

"मग तू मला इट का शिकवलं?"

काय सांगणार, तुला लाडानं ते बोलतात म्हणून? आमच्यात लहान पोरीला कुणी ती बोलत नाय. ती बोललं तर कसं तरी, मोठं वाटतं, परकं वाटतं. ते म्हंजे आपलं. ते झोपलंय, ते रुसलंय, ते येल आता. पण हे रिक्षात, ड्रायव्हर ऐकत असताना, कसं सांगायचं?

घरी येऊन तिनं दप्तर खुंटीला लावलं आणि बोल्ली, आता क्लासला जायचं नाय, परीक्षा पण नाय. जेवली नाय. मी ओटीवर जाऊन मोठ्यानं बोल्ले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आजपासून ह्या घरात हिला कुणी ते बोलायचं नाय. ती बोलायचं."

सासू वाल सोलत होती. तिनं मान वर केली. "का गो? सकाळपर्यंत ते व्हतं, संध्याकाळी ती झाली?"

"इंग्रजीत तसं चालत नाय."

"इंग्रजीत नसंल चालत. आपल्यात ते ची ती झाली की दारात पावने येतात. घाई हाय का तुला?"

ती हसत बोल्ली, टोमणाच होता, पण मला लागला. कारण ते खरं होतं. माझं माहेर मुरबाडकडं. माझे वडील मला तेच बोलायचे. ते शाळेत गेलंय. ते अभ्यास करतंय, हाक मारू नका. नववीत असताना एक दिवस पाहुणे आले, ओटीवर बसले. मी आत ताटल्यांत पोहे भरत होते. वडील बाहेर बोल्ले, "ती आत हाय. येते आता." माझा हात थांबला. मी खरंच मागं वळून बघितलं, आत आणखी कोण हाय म्हणून. लग्न मागाहून झालं, चांगली अठराची झाल्यावर, पण शाळा त्या पोह्यांबरोबरच सुटली.

सासूला हे मी कधी बोलले नव्हते. त्या दिवशी पण बोलले नाय. एवढंच बोल्ले, "आई, इंग्रजीत पोरगी जल्मल्याबरोबर ती असते. तान्ही असली तरी ती. पावने येवोत नाय तर न येवोत." हे मी कुठून काढलं, मला माहीत नाय. पुस्तकात नव्हतं. सासूनं सोललेले वाल बाजूला सारले. मग आत ऐकू जाईल असं मला बोल्ली, "काय गो, ती जेवनार हाय का नाय विचार." आतून हसू आलं. दाबलेलं, पण आलं.

मॅडमना मी फोन केला. त्या बोल्ल्या, "ताई, चूक माझी. मी मुलांना आधी सांगायला हवं होतं." आणि पुढच्या रविवारी त्यांनी सगळ्या वर्गाकडून आपापल्या घरातली वाक्यं मागवली. कुणाचं लेकरू इट झालेलं, कुणाची मराठीतली 'ही आजी' इंग्रजीत पण ही झालेली. आमची एकटीच नव्हती. तरी ती आठवडाभर माझ्याशी मोजकंच बोलत होती. पण वही काढली. ते महत्त्वाचं.

मग आमी जे सुरू केलं ते परीक्षेपर्यंत सोडलं नाय. माणूस म्हंजे ही नाय तर शी. माणूस कधीच इट नाय. शेजारचं बाळ? शी. गाडीतलं लेकरू? मुलगा का मुलगी विचार, मग बोल. मी चुकून 'ते' बोलले की ती बोट वर करायची आणि मी तिथल्या तिथं वाक्य सुधारायचे. धुणं धुताना, पाणी आणताना, सगळीकडं. नवरा शिफ्टवरून यायचा आणि दारातच घाबरून विचारायचा, "काय बोलायचं नि काय नाय ते आधी सांगा."

परीक्षेचं केंद्र मुरबाडला होतं. पहाटेच्या एसटीनं निघालो, दोघींनी एकच शाल अंगावर घेतलेली. शाळेचं फाटक, बाहेर आंब्याचं झाड, झाडाखाली आया. फाटकात तिनं पॅड धरलं, पेन बघितलं, आणि मी काहीतरी शेवटचं सांगायचं म्हणून बोल्ले, "उताऱ्यात शोध, आपल्या शेतात नाय." ती बोल्ली, "माहीत हाय," आणि गेली.

मी बसले नाय. झाडाभोवती फिरत राहिले. एक बाई बोल्ली, "ताई, बसा, तुमच्या पायांनी पेपर सोडवनार का?" मी बसले, परत उठले. शाळेच्या खिडक्या उंच, आत कोण दिसत नव्हतं. मला सारखं वाटत होतं आत कुणीतरी तिला हसलंय. फाटकाच्या शिपायाला मी किती वाजले ते इतक्या वेळा विचारलं की त्यानं शेवटी मनगटच माझ्याकडं केलं.

ती बाहेर आली ती उड्या मारत. गणित सोपं. मराठी सोपं. ग्रामर येत होतं सगळं. "आणि उतारा?" मी विचारलं.

"सोपा. एक म्हातारी असते, ती बेबीला क्रेडलमध्ये ठेवते. मग लिवलेलं, इट क्राइड ऑल मॉर्निंग. प्रश्न होता, इट म्हंजे कोण? बेबी, क्रेडल, म्हातारी, का सकाळ."

"मग?"

"क्रेडल."

मी चालायची थांबले. "पाळणा कसा रडंल गो?"

"पाळणा कुरकुर करतो ना सारखा! आणि बेबी तर माणूस हाय. माणूस कधीच इट नाय." ती माझ्याकडं अशी बघत होती की शाबासकी द्यायला मला वेळ का लागतोय.

मी शाबास बोल्ले. काय करणार? तिला भजी घेऊन दिली, मी खाल्ली नाय, आणि ती तोंड पुसायला नळावर गेली तसा मॅडमना फोन लावला. त्यांनी उताऱ्यातलं वाक्य मला परत बोलायला लावलं. मग बोल्ल्या, "ताई, तान्ह्या बाळाला इंग्रजीत इट चालतं. मुलगा की मुलगी माहीत नसलं की तसं म्हणतात. माझं सांगायचं राहून गेलं. एका मार्काचं एवढं मनावर घेऊ नका."

तिथं एका मार्कावर पोरं वर-खाली होतात, हे त्यांनीच तर शिकवलेलं. मुरबाडहून परतताना ती माझ्या खांद्यावर झोपली. मी जागी, आणि डोक्यात तोच पाळणा, कुरकुर, कुरकुर.

निकाल लागला तेव्हा ऊन तापलेलं. सरांनी मोबाईलवर यादी दाखवली. तिचं नाव यादीत नव्हतं. खाली वेटिंगची छोटी यादी, तिच्यात पहिलं. सर बोल्ले, "वेटिंगमध्ये पहिलं म्हणजे चांगलंच की." मला काय चांगलं दिसेना. ती बोल्ली, "किती मार्कानं गेलं, सर?" सरांना माहीत नव्हतं. मला पण माहीत नाय, आणि पाळण्याचं मी तिला आजपर्यंत सांगितलेलं नाय.

जूनमध्ये ती सापगावच्या शाळेत सहावीला जायला लागली. आणि, काय सांगू, खूश होती! एसटीत दोन मैत्रिणी झाल्या, तिघी एका सीटवर बसायच्या. मी रोज रस्त्यापर्यंत सोडायला जायचे आणि एसटी वेळेवर आली की मला बरं वाटायच्या ऐवजी जास्तच भीती वाटायची. आज आली. उद्या?

तशात एका शनिवारी दुपारी फोन आला. अनोळखी बाईंचा आवाज. "एक मुलगी आली नाही, जागा रिकामी झाली आहे. वेटिंगमध्ये तुमची मुलगी पहिली आहे. आज संध्याकाळपर्यंत कळवा, नाहीतर पुढच्या मुलीला फोन करावा लागेल."

मी हो-हो करून ठेवला आणि नवऱ्याला लावला. लागला नाय. गोडाऊनमध्ये मोबाईल गेटवर ठेवून घेतात, शिफ्ट सुटल्याशिवाय मिळत नाय. परत लावला. परत. सासू बोल्ली, "बापाला विचारल्याबिगर काय करू नको. पोरीची जात, एकटी कुठं ठेवतंस?"

"शिफ्ट रात्री सुटते, आई."

"मंग पुढच्या पोरीला जाऊ दे."

ती शनिवारची अर्धी शाळा करून आली. मी दारातच सांगितलं. मला वाटलं उडी मारेल. तिनं दप्तर पण काढलं नाय. "मी नाय जाणार."

"अगो, ह्याच्यासाठीच तर—"

"तेव्हा जायचं होतं. आता नाय. माझ्या मैत्रिणी हायत इथं. आणि तिथं परत सगळे हसले तर?" तिचे डोळे भरले. "तू माझ्याबरोबर येणार हायस का तिथं? जिन्यात बसणार हायस?"

सासू माझ्याकडं बघत होती, ती माझ्याकडं बघत होती. आमच्या घरात असलं काही मी एकटीनं कधी ठरवलेलं नाय, साधं सणाला लुगडं कुठलं घ्यायचं ते पण नाय. मी पाणी प्यायले. मागच्या दारी गेले, पुढच्या दारी आले. विचार करते असं दाखवत होते, पण विचार होत नव्हता. ऊन उतरायला लागलं तशी मी अंगणाच्या कडेला, जिथं रेंज येते तिथं गेले, आलेल्या नंबरवर फोन लावला आणि बोल्ले, "हॅलो, येतो आमी."

"पालक बोलताय ना? नक्की?"

"आई बोलते. नक्की."

मागं वळले तर ती ओट्यावर उभी. तिनं ऐकलेलं. ती आत गेली आणि भिंतीकडं तोंड करून बसली.

नवरा रात्री आला. मला वाटलं ओरडेल. तो जेवला. मग गोडाऊनच्या भाषेत बोल्ला, "म्हंजे इथून आउटवर्ड," आणि हसायला गेला, पण ते त्याला जमलं नाय, तो उठून हात धुवायला बाहेर गेला आणि लवकर आत आला नाय. सासूनं सकाळी तिच्या ट्रंकेतला डिंक काढला आणि लाडवाला दिला.

ती माझ्याशी बोलेना. पेटी भरताना मी विचारायचे, हा फ्रॉक घेऊ? ती मान हलवायची. तेल घेऊ? मान. निघायच्या दिवशी मैत्रिणी रस्त्यावर आल्या, तिघी रडल्या, मी बाजूला पेटीवर हात ठेवून उभी, जशी काय मीच चोर. एसटीत ती खिडकीला, मधे नवरा, मी टोकाला. माझं बरोबर होतं का चूक, मला तेव्हा कळत नव्हतं आणि आज पण, कपडे वाळत घालताना मधेच थांबते मी, आज पण कळत नाय. मला एवढंच कळत होतं की संध्याकाळपर्यंत सांगायचं होतं आणि संध्याकाळ झालेली.

शाळा मोठी होती. लांबलचक खोली, लोखंडी खाटा, प्रत्येकीला एक कपाट. नवऱ्यानं पेटी खाटेखाली सरकवली आणि तो सही करायला ऑफिसात गेला. मी चादर घातली, उशी ठेवली, परत उशी काढली, चादर ओढली, परत ठेवली. पलीकडच्या खाटेवर एक मुलगी केस विंचरत आमच्याकडं बघत होती. आमची ती खाटेच्या कडेला बसलेली, पाय हलवत. तिच्या हातात प्रवासात भिजलेला टॉवेल होता. तिनं तो उलटा-पालटा केला, खिडकीकडं बघितलं, खाटेकडं बघितलं.

"मम्मी," ती बोल्ली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "हा वाळत कुठं घालायचा?"

मी पण इकडं तिकडं बघितलं. कुठं दोरी दिसेना. मला काय ठाऊक, मी पण पहिल्यांदाच आलेली.

"मला नाय माहीत गो," मी बोल्ले. "विचार कुणाला तरी."

ती उठली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि पलीकडच्या खाटेकडं विचारायला गेली.